गोळ्या चालू आहेत, पण बोलायचं कुणाशी?

पत्र थोडक्यात असं. सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय, वय ३४, लग्न होऊन माहेरापासून जवळच्याच गावात असतात. धाकटा भाऊ २८ वर्षांचा. डिप्लोमा झाला, एमआयडीसीत दीड वर्ष नोकरी केली, मग ‘वर्कशॉपमधले लोक माझ्याबद्दल बोलतात’ असं सुरू झालं आणि पुढे रात्री घरीही त्यांचे आवाज यायला लागले. चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्या नियमित आहेत, रात्रभर जागणं आणि आरडाओरडा थांबला. पण आवाज पूर्ण गेले नाहीत. तो दिवसभर खोलीत बसून असतो, भर मे महिन्यात कानटोपी घालून, आणि त्यावरून वडिलांशी रोज वाजतं. आईला वाटतं तिच्याच वाढवण्यात काहीतरी चुकलं. मागच्या महिन्यात भाऊ ताईंना म्हणाला, “मला कुणाशी तरी नीट बोलायचंय.” डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या आजारात बोलून काही होत नाही, गोळ्या चुकवू नका. मामांनी पुण्यातले एक काउन्सेलर शोधलेत, ते म्हणतात बारा सेशनमध्ये मुळापासून बरा करतो, गोळ्या हळूहळू बंद करू. वडिलांचं म्हणणं दोन्ही नको, विषय काढला की वाढतं. ताईंचा प्रश्न: बोलून आवाज जातात का? आणि जात नसतील तर पैसे आणि आशा दोन्ही कशाला घालवायचे?

ताई,

आधी एक साधी मोजणी करते. तुमच्या पत्रात डॉक्टरांचं मत आहे, मामांचं आहे, वडिलांचं आहे, आईचं आहे, तुमचंही आहे. ज्याला बोलायचंय त्याचं मात्र एकच वाक्य आहे. आणि तो ते वाक्य बोलल्यावर त्याला कुणी पुढे विचारलं का, की बाबा रे, कशाबद्दल बोलायचंय तुला? पत्रात तरी दिसलं नाही. बोल लावत नाहीये, अशा वेळी आपण घाबरतो आणि लगेच डॉक्टर शोधायला धावतो, मीही तेच केलं असतं. पण तुम्ही धरूनच चालला आहात की त्याला आवाजांबद्दल बोलायचंय आणि आवाज घालवण्यासाठी बोलायचंय. कदाचित असेलही तसं. मी डॉक्टर नाही, पण सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून एका ओपीडीत बरीच वर्षं काढलीत, आणि तिथे समोर बसलेल्या माणसाला मोकळं बोलू दिलं की पहिला विषय आवाजांचा क्वचित निघायचा. एकाला बरोबरच्या मित्रांची लग्नं झाली त्याबद्दल बोलायचं होतं. एकीला गोळ्यांनी वजन वाढलं त्याची लाज वाटत होती. एका मुलाला फक्त एवढंच विचारायचं होतं की हे मला आयुष्यभर राहणार का, आणि घरात हा प्रश्न काढला की आई रडायची म्हणून त्याने तो विचारायचाच सोडून दिला होता. तीन वर्षं!

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, म्हणजे पुढचं वाचताना मनात टांगती तलवार नको. नुसतं बोलून आवाज कायमचे जातील असं मी सांगणार नाही आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काहींचे कमी होतात, काहींचे तसेच राहतात पण त्यांचा दरारा कमी होतो. आणि हा दरारा कमी होणं ही किरकोळ गोष्ट नाही. आवाज येतोय आणि मी गिरणीतून दळण घेऊन आलो, आवाज येतोय म्हणून मी चार दिवस खोलीबाहेर पडलो नाही, या दोन दिवसांत आवाज तेवढाच आहे बघा, आयुष्य मात्र वेगळं आहे.

डॉक्टर जे म्हणाले ते अगदीच हवेतून आलेलं नाही, हे पण सांगते. जुन्या काळात या आजारावर बोलण्याचे जे उपचार व्हायचे ते मनोविश्लेषणाच्या वळणाचे, कोचावर झोपवून बालपण उकरत बसायचे, आणि त्यातून या पेशंटना फायदा होतो असं काही सिद्ध झालं नाही. मनोविश्लेषण ज्याने सुरू केलं त्या खुद्द फ्रॉइडला वाटायचं की असे पेशंट आपल्या पद्धतीला बसणारे नाहीत. वर त्यातून एक भलतंच निघालं, १९४८ च्या सुमाराला अमेरिकेत ‘मुलाला स्किझोफ्रेनिया आणणारी आई’ अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला, थंड आणि हुकूम गाजवणारी आई असली की मुलाला हा आजार होतो म्हणे. हजारो आयांनी तो ठपका डोक्यावर वागवला. ती कल्पना पुढे पुराव्याअभावी मोडीत निघाली. तुमच्या आईला हे आवर्जून सांगा, जमलं तर हा परिच्छेदच वाचून दाखवा. आजारामागे आनुवंशिकता असते, मेंदूची जडणघडण असते, ताण असतो, काही जणांत गांजासारखी व्यसनं असतात, अशा बऱ्याच गोष्टी एकत्र येतात. वरणभात भरवताना कुणाचं काही चुकत नाही.

तर डॉक्टरांच्या डोक्यात ‘बोलणं’ म्हणजे ते जुनं बोलणं असू शकतं. किंवा दुसरं साधं कारण, बाहेर साठ पेशंट बसलेत आणि तुम्ही उभ्या उभ्या विचारलंत.

पण बोलण्याची एक वेगळी पद्धत पण आहे. १९५२ साली ॲरन बेक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने एका पेशंटबद्दल लिहिलं, त्या माणसाला खात्री होती की सरकारी हेर आपल्या मागावर आहेत. बेकने त्याला ‘तुला भास होतोय’ असं सांगत बसण्याऐवजी ज्यांच्यावर संशय आहे ती माणसं एकेक करून नीट बघायला शिकवलं, हा नक्की काय करत होता, त्याचा दुसरा काही अर्थ निघतो का, आणि असं करत करत संशयितांची यादी कमी होत गेली. गंमत अशी की त्याच १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध पहिल्यांदा अशा पेशंटना दिलं गेलं. म्हणजे गोळी आणि हे बोलणं दोघं एकाच वयाचे. गोळी पुढे जगभर गेली, आणि जायलाच हवी होती, बोलणं मात्र कितीतरी वर्षं मागेच राहिलं. नंतर इंग्लंडमध्ये या पद्धतीवर बरंच काम झालं आणि आज तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात की स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रत्येकाला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी, देऊ करा, एकट्याशी बसून, किमान १६ सेशन. आणि घरच्यांसाठी वेगळे किमान १० सेशन, तीन महिने ते वर्षभरात. औषधाच्या जोडीने बरं का, औषधाऐवजी नाही.

नेमकं करतात काय तिथे? तुमच्याच घरातून उदाहरण घेते, ती कानटोपी. वडील म्हणतात काढ, लोक हसतात. आई म्हणते घाम येतो रे. तुम्ही लिहिलंय ‘विचित्र वागणं’. मला ती टोपी वाचल्या वाचल्या वाटलं की या मुलाने स्वतःच स्वतःवर उपचार शोधलाय. थेरपिस्ट बहुतेक इथूनच सुरुवात करेल. टोपी घातली की काय होतं? तो म्हणेल कदाचित, आवाज जरा लांब जातात. किती लांब? दहापैकी आठ होते ते सहावर येतात. बरं, अजून कशाने सहावर येतात? मिक्सर चालू असला की. आणि कशाने नऊवर जातात? संध्याकाळी बाबा घरी यायच्या आधी. असं करत करत दोन आठवड्यांची वही तयार होते, कधी वाढतात, कधी कमी होतात, त्या वेळी मी काय करत होतो, कुणासोबत होतो, रात्री झोप किती झाली होती. आणि मग जे आभाळातून कोसळल्यासारखं वाटत होतं त्याला काहीतरी वेळापत्रक आहे हे त्याचं त्यालाच दिसायला लागतं. मग प्रयोग. टोपीऐवजी एका कानात इयरफोन लावून बघू. गुणगुणून बघू, मोठ्याने पेपर वाचून बघू, बऱ्याच जणांना तोंडाने काहीतरी चालू असलं की आवाज दबलेला वाटतो. संध्याकाळी पाच ते साडेपाच आवाजांना ‘वेळ’ देऊन बाकी वेळी ‘नंतर बोलू’ म्हणून बघू. सगळं सगळ्यांना लागू पडत नाही, जे जमेल ते ठेवायचं.

याच्यानंतर कुठेतरी खरा नाजूक भाग येतो, आवाज जे बोलतात त्याबद्दलचा. सुपरवायझरचा आवाज म्हणतो ‘तू कामाचा नाहीस, बाहेर पडलास तर दाखवतो’. थेरपिस्ट इथे ‘असं कुणी बोलत नाहीये’ म्हणत नाही आणि ‘हो हो बोलतोय खरा’ असंही म्हणत नाही. तो विचारतो, बाहेर पडलास तर काय करेल म्हणतो? आधी कधी पडला होतास का? काय झालं होतं? आणि मग एक दिवस दोघं मिळून गेटपर्यंत जाऊन येतात, काही होत नाही, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. आवाज धमकी देतो पण धमकी पुरी करत नाही, हे त्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही, तो स्वतः बघून येतो.

वडिलांचं म्हणणं, विषय काढला की वाढतं. ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते आणि मला ती कळते, चार वर्षांपूर्वीच्या त्या रात्री कुणाला परत बघायच्यात! पण ‘वाढतं’ ते बहुतेक वेळा विषय काढल्याने नसतं, विषय कसा काढला त्याने असतं. ‘अजून येतात का तुला ते आवाज?’ हे वाक्य चौकशीच्या सुरात बोलून बघा आणि पोलिसी सुरात बोलून बघा. माझ्या आजोळी कऱ्हाडला आजीचे एक चुलतभाऊ असायचे, आम्ही त्यांना बापूमामा म्हणायचो, ते परसातल्या हौदापाशी उभं राहून कुणाशी तरी भांडायचे. तेव्हा ना निदान ना काही. घरातले सगळे त्यांना बघून न बघितल्यासारखं करायचे, आम्हा मुलांना तर तिकडे जायला बंदीच होती. एकटी आजी चहाचा कप घेऊन जायची आणि विचारायची, “आज काय म्हणतायत?” बापूमामा सांगायचे, “आज जरा कमी आहे.” किंवा, “आज फार शिव्या देतायत गं.” ती म्हणायची, “बरं, चहा घ्या.” बस, एवढंच. त्याने ते बरे झाले नाहीत, उगाच कथा रंगवत नाही, शेवटची वर्षं त्यांची वाईट गेली आणि त्यांना औषध मिळायला हवं होतं. पण दिवसातून एकदा तरी त्यांच्याशी कुणीतरी जे आहे त्याबद्दल बोलत होतं.

आणि आवाज येणं म्हणजे माणूस आपल्यातून उठला, असं नसतं. १९७१ साली वेल्समधल्या एका डॉक्टरचा अभ्यास छापून आला, त्याने २९३ विधवा आणि विधुरांना विचारलं होतं, तर जवळपास निम्म्यांनी सांगितलं की गेलेला जोडीदार कधी जवळ असल्यासारखा वाटतो, काहींना दिसतो, काहींना ऐकू येतो. त्यातल्या बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. झोप सलग मोडली, दुःख झालं, तापाने फणफणलं, तर तुमच्याआमच्या कानातही काहीबाही येऊ शकतं. भावाचा आजार त्याहून मोठा आहेच, पण तो कुठल्या वेगळ्या ग्रहावरचा नाही, हे त्याला कळलं तरी बराच भार उतरतो, आणि चांगले थेरपिस्ट हे सुरुवातीलाच सांगतात.

आता दुसरी बाजू, कारण मला तुम्हाला काही विकायचं नाहीये. सीबीटीचा परिणाम किती, यावर मानसोपचारवाल्यांत चांगली जुंपलेली आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा लक्षणांवरचा फायदा छोटा निघाला, आणि तपासणाऱ्याला कुणाला थेरपी मिळाली हे माहीत नव्हतं अशा काटेकोर अभ्यासांपुरतं बघितलं तर अजून छोटा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, तुम्ही लक्षणांचे मार्क मोजताय, त्रास किती कमी झाला ते मोजा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं माझं मत. तुम्ही सोळा सेशनचे पैसे भरणार असाल तर ‘आवाज शून्य’ ही अपेक्षा ठेवून भरू नका, सहा महिन्यांनी निराश व्हाल आणि त्याचं खापर त्याच्यावर फुटेल, ‘एवढं केलं तरी याच्यात फरक नाही’ म्हणून. आधीच त्याला विचारून दोन-तीन गोष्टी ठरवा. त्याच्या मनातल्या हं, तुमच्या नाही. तुम्हाला वाटेल नोकरी, त्याला वाटेल जुन्या मित्राकडे एकदा जाऊन यायचंय.

मामांच्या काउन्सेलरचं मात्र एका वाक्यात, नको. बारा सेशन, मुळापासून, गोळ्या बंद, हे तिन्ही शब्द एका दमात बोलणाऱ्याकडे जायचं नाही. गोळ्या कमी करायच्याच असतील तर तो निर्णय सायकियाट्रिस्टबरोबर बसून, महिनोन् महिने हळूहळू होतो, परस्पर थांबवल्या तर आजार उलटण्याचा धोका मोठा. मामांना दुखवू नका, त्यांनी मनापासून शोधलंय, त्यांना म्हणा शोधायचंच आहे तर असं शोधा: क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. झालेली आणि आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असलेली व्यक्ती. काउन्सेलर अशी पाटी हल्ली कोणीही लावतं, म्हणून नोंदणी विचारायला लाजायचं नाही. आणि फोनवरच तीन प्रश्न विचारून घ्या. सायकोसिसच्या, म्हणजे भास आणि पक्के संशय असलेल्या पेशंटसोबत तुम्ही काम केलंय का? आमच्या डॉक्टरांशी बोलाल का? चार-पाच सेशननंतर उपयोग होतोय की नाही हे कसं ठरवायचं? तिसऱ्या प्रश्नाला जो गडबडतो तिथे दुसऱ्यांदा जाऊ नका. ऑनलाइन सेशनचा पर्याय आहे पण आधी भावाला विचारा, ज्याला संशय आहे की लोक आपलं ऐकतात त्याला लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसवणं म्हणजे आगीत तेल. काहींना मात्र तेच सोयीचं पडतं, कारण गर्दीच्या वेटिंग रूममध्ये बसावं लागत नाही.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा वेगळं विचारून बघा. ‘बोलून फरक पडेल का’ ऐवजी, ‘गोळ्या चालूच ठेवतोय, सोबत सीबीटी किंवा फॅमिली सेशन सुरू करायची आहेत, कुणाकडे पाठवाल?’ एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून न्या: आवाज आठवड्यातून किती दिवस, झोप किती वाजता लागते आणि उठतो किती वाजता, दिवसभरात काय काय करतो. कारण दिवसभर पडून राहणं हे आजारामुळे असू शकतं, गोळीच्या गुंगीमुळे असू शकतं किंवा नैराश्य असू शकतं, आणि तिन्हींचा इलाज वेगळा. तुम्ही पत्रात ‘आळशी झालाय’ लिहिलंय, तो शब्द घरातून काढूनच टाका. आणि दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये पुरेसे दिवस घेऊनही आवाज राहिले असतील तर क्लोझापिनबद्दल विचारा, त्याला नियमित रक्ततपासणी लागते म्हणून काही जण टाळतात, पण अशाच पेशंटसाठी ते औषध आहे. म्हणजे बोलण्याच्या नादात औषधाचा प्रश्न अर्धवट सोडायचा नाही.

काही वेळा बोलणं बाजूला ठेवून आधी डॉक्टर किंवा हॉस्पिटल गाठायचं असतं. झोप दोन-तीन रात्री उडाली, गोळ्या थुंकून देतोय, आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला काही करायला सांगतायत, मरणाबद्दल बोलतोय. या आजारात आत्महत्येचा धोका खराच जास्त असतो, आणि कधीकधी तो जरा बरं वाटून आपलं काय झालं हे कळायला लागल्यावर वाढतो. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

आता ज्याच्यासाठी पुण्याला जावं लागत नाही त्याबद्दल. लंडनमध्ये सत्तरच्या दशकात काही संशोधकांनी हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पेशंटच्या घरचं बोलणं तपासलं. ज्या घरांत टोचून बोलणं, राग किंवा उलट अति काळजी जास्त होती तिथे नऊ महिन्यांत जवळपास निम्म्या पेशंटचा आजार उलटला, शांत घरांत साधारण १३ टक्के. आणि टोचणाऱ्या घरात माणूस आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर असला तर अजून वाईट. पुढे चंदीगडमध्ये तसाच अभ्यास झाला, १९८७ ला छापून आला, त्यात आपल्याकडची टोचणारी घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली. मला हे वाचून आधी अभिमान वाटला आणि मग तुमच्या वडिलांची टोपीवरची भांडणं आठवली. हा घरच्यांवर ठपका नाही हं, आईवरचा ठपका वर काढून टाकला तो इथे मागच्या दाराने आणत नाहीये. आजार घरामुळे होत नाही. पण तापातल्या माणसाच्या कानाशी ढोल नको, तसं आहे हे. आणि सगळ्या बोलण्याच्या उपचारांत भक्कम पुरावा कशाचा म्हणाल तर या फॅमिली सेशनचाच, त्याने आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. तुम्ही सगळे भावासाठी थेरपिस्ट शोधताय, माझं म्हणणं पहिलं सेशन आईवडिलांचं लावा.

तोवर घरात एवढं करून बघा. टोपीवर बोलायचं नाही, महिनाभर, अजिबात. वडिलांना जड जाईल, त्यांना म्हणा प्रयोग आहे, जूनमध्ये परत बघू. एका वेळी एकच गोष्ट आणि छोट्या वाक्यात सांगायची, ‘आंघोळ कर, जेव, दुपारी काका येणारेत, शर्ट बदल’ असं चारचार एकदम नाही. आईने त्याचं ताट खोलीत नेऊन द्यायचं हळूहळू बंद करावं आणि दिवसातलं एक काम त्याच्या नावावर करावं, दळण आणणं, सकाळचा चहा, काहीही, आणि चहात साखर जास्त पडली तर गपचूप प्यायचा. आणि मामी बहुतेक सुचवतीलच म्हणून आधीच लिहिते, लग्न हा उपचार नाही.

सांगलीत बसून एवढं सगळं कुठून आणायचं, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलीच गोष्ट सांगते. गोवा, सातारा आणि तामिळनाडू इथे स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात मोठे थेरपिस्ट नव्हते, स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवलं, ते पेशंटशी आणि घरच्यांशी आजाराबद्दल बोलायचे, गोळ्यांची अडचण समजून घ्यायचे, रोजची कामं परत सुरू करायला मदत करायचे, सरकारी सवलतींची माहिती द्यायचे. औषधोपचार दोन्ही गटांना होतेच. वर्षभराने ज्यांच्याकडे ही माणसं जात होती त्यांची लक्षणं आणि अडलेली कामं दोन्ही थोडी जास्त सुधारली. थोडीच, आणि तामिळनाडूच्या खेड्यांत जास्त, आपल्याकडे तितकी नाही, हे पण सांगायला हवं. तरी त्यातून एक कळतं की हे बोलणं फक्त पुण्या-मुंबईच्या केबिनमध्येच होतं असं नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात सोशल वर्कर किंवा सायकॉलॉजिस्ट आहेत का विचारा, असतील तर फुकटात मिळतील. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आहे, १९९७ पासून, कॅनडात प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली, त्यांच्या स्वतःच्या पत्नीला हा आजार होता. त्यांचे आधारगट आहेत, तिथे एकदा आईला घेऊन जा. दुसऱ्या एखाद्या आईने तिचा हात धरून ‘माझापण असाच आहे’ म्हटलं की जे होतं ते माझ्या पत्राने होणार नाही.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय, थेरपिस्ट आम्हाला सांगेल ना तो काय बोलला ते? नाही सांगणार, आणि सांगूही नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही गुप्ततेचा हक्क पेशंटचा आहे. जिवाला धोका असेल तेवढं तुम्हाला कळवलं जाईल, बाकी त्याचं त्याच्याकडे. चार वर्षं त्याची प्रत्येक गोळी, प्रत्येक आंघोळ घरात सगळ्यांच्या समोर मोजली गेली, आठवड्यातला एक तास त्याचा स्वतःचा असू दे. आत काय झालं असं घरी येताना गाडीत विचारू नका, भूक लागली का विचारा.

आता या रविवारी माहेरी जाल तेव्हा त्याच्या खोलीत जाऊन एवढंच म्हणा, ‘तू त्या दिवशी म्हणालास कुणाशी तरी बोलायचंय, मी तेव्हा विचारलं नाही, कशाबद्दल रे?’ आणि मग गप्प बसा, तो लगेच बोलेल असं नाही, पंधरा मिनिटं काहीच होणार नाही कदाचित, तुम्ही मोबाईल बाहेर काढू नका. आणि अपॉइंटमेंट ठरली, निघायची वेळ झाली, तो टोपी घालून गाडीत येऊन बसला, तर तसाच घेऊन जा.